विश्वामित्रीचं एक कोतर कागदावर आणताना

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी कोतर म्हणजे काय ते सांगते. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरात उगम पावते, मैदानात उतरते आणि बडोद्यातून वळणं घेत घेत पुढे ढाढर नदीला मिळते. इथली माती मऊ, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांना पावसाच्या पाण्याने खोल घळी कापल्या आहेत. या घळी म्हणजे कोतरं. उन्हाळ्यात वरून पाहिलं तर गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, रुईची झुडपं आणि वाऱ्याने उडत आलेल्या पिशव्या एवढंच दिसतं, जागा पडीक वाटते. पावसाळ्यात नदी फुगली की तिचं पाणी उलटं या घळींत शिरतं, पसरतं, तिथे मुक्काम करतं आणि नदी उतरली की आल्या वाटेने परत जातं. घळ बुजवली तर तेवढं पाणी दुसरीकडे कुठेतरी उभं राहणारच. आमच्या बाबतीत ते तळमजल्यांवरच्या घरांत उभं राहिलं.

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातला पूर बडोद्यात कोणी विसरणार नाही. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फुटांची, नदी ३५ फुटांच्याही वर गेली. वर धो धो पाऊस, आजवा धरणाचं जादा पाणीही शेवटी याच नदीत. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी सोडवाव्या लागल्या, त्याची छायाचित्रं देशभर फिरली. आम्ही राहतो मांजलपूरच्या बाजूला. आमच्या सोसायटीत मगर आली नाही, पाणी मात्र कंबरेपर्यंत आलं आणि दोन रात्री हललं नाही.

पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकताना जुनी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. पूर्वीही पूर यायचे, पण पाणी आधी कोतरात जायचं. धान्याचे डबे माळ्यावर चढवायला, म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर न्यायला दिवसभराचा वेळ मिळायचा. या वेळी तो वेळच मिळाला नाही. हे सगळं बोलणं चालू असताना आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं की गेली काही वर्षं रात्री ट्रॅक्टर येतात आणि कोतरात रोडा-छारू, म्हणजे पाडकामाचा मलबा, ओतून जातात.

नवरात्र संपल्यावर आमच्या गच्चीवर पहिली बैठक झाली. दांडिया बाजारातले वाडे सोडून इकडे आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं, गुजराती शेजारी, आणि कोतराच्या काठच्या वस्तीतले दोघे जण. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं ऑनलाइन सह्या घेऊ, कोणाची वर्तमानपत्रात ओळख होती. कोपऱ्यात आमच्याच गल्लीतले एक काका बसले होते. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले त्यांनी. ते म्हणाले, "तक्रारीत लिहिणार काय? किती बुजलंय, कुठे बुजलंय, कधीपासून बुजतंय, मोजलंय का कोणी?" कोणीच मोजलं नव्हतं. मी दुकानांचे हिशेब लिहिण्याचं काम करते, म्हणून वही माझ्याकडे आली. मोर्चा निघाला नाही याचं मला आजही बरं वाटतं. त्या रागात आम्ही कोणाच्या तरी कार्यालयासमोर तासभर उभे राहिलो असतो आणि घरी येऊन आपापल्या कामाला लागलो असतो.

मोजणी अशी ठरली. कोतराच्या वरच्या कडेने चालत जायचं, ठरावीक जागांना क्रमांक द्यायचे आणि दर महिन्याला प्रत्येक जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून छायाचित्र घ्यायचं. फोनमधलं एक ॲप छायाचित्रावरच अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापतं, ते सगळ्यांनी उतरवून घेतलं. काकांनी बांबूंवर फुटाफुटावर लाल-पांढरे पट्टे रंगवून दिले. जिथे मलबा पडतो तिथे बांबू रोवायचा आणि किती पट्टे दिसतात ते लिहायचं. एका महिन्यात चार पट्टे गाडले गेले तर त्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

मगरींमुळे काही नियम पहिल्याच दिवशी घालून घेतले. या नदीत चारशेहून अधिक मगरी आहेत, भर वस्तीतून वाहणाऱ्या नदीसाठी हा आकडा फार मोठा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मगरीला जागा आहे. ती काठाच्या मातीत बिळं करते, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावरच खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर पडतात. म्हणून त्या महिन्यांत खाली उतरायचं नाही, पाण्याच्या कडेला कधीच जायचं नाही, दिवेलागणीनंतर फिरायचं नाही, मुलांनी वरच्या कडेवरच थांबायचं. हे नियम आम्ही एका वनरक्षकाला विचारून पक्के केले. मुलं कुरकुरली, पण त्यांना वरून पाहायला पुष्कळ होतं: ओंडक्यावर ऊन खात बसलेली कासवं, खंड्या, घोरपड, उंच झाडावर बसणारे काळे शराटी. या नोंदीही वहीत गेल्या. ही जागा जिवंत आहे, हे दाखवणारा तोही पुरावाच होता.

सगळ्यात मोलाची माहिती मात्र आम्हाला बांबूंनी दिली नाही. कोतराच्या काठाला एक भरवाड कुटुंब राहतं, त्यांची गुरं तिथेच चरतात. त्या घरातल्या आजी, सगळे त्यांना मा म्हणतात, सुरुवातीला आमच्याकडे नुसत्या पाहायच्या. मग एका रविवारी त्यांनी काठीने मातीवर रेघा ओढून आम्हाला कोतर समजावलं. त्याला तीन फाटे आहेत. "पहेलां आ वच्चेनुं भराय, पछी ज पेली बाजु," त्या म्हणाल्या. मधला फाटा आधी भरतो, त्यानंतरच पाणी दुसऱ्या बाजूला वळतं. त्यामुळे मधल्या फाट्यात पाणी चढलं की त्या गुरं हलवायच्या. त्यांचं घड्याळच ते होतं. आमच्या मोजणीत सर्वांत जास्त बुजलेला भाग नेमका मधल्या फाट्याच्या तोंडाशी होता, कारण ट्रॅक्टरला वळायला तिथे सपाट जागा मिळते. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी वहीत लिहिल्या तेव्हा काका बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आता नकाशे काढू."

नकाशांच्या कामाला हिवाळा गेला. ज्यांना असं काम करायचंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. गुजरातमध्ये सातबारा एनी-आरओआर या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, पण त्यासाठी सर्व्हे नंबर माहीत हवा. गावाचा मूळ नकाशा जमीन दफ्तराच्या जिल्हा निरीक्षकाच्या कार्यालयातून मिळतो. शहराच्या हद्दीत टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, झाली असेल तर तिचा नकाशा आणि एफ-फॉर्म पाहावा लागतो. मूळ प्लॉट कोणता होता आणि त्याचा अंतिम प्लॉट कोणता झाला ते त्यात असतं. मग गूगल अर्थवर मागची वर्षं एकेक करून उघडायची आणि तोच चौकोन पाहायचा. काकांनी हे सगळं एका मापावर आणून ट्रेसिंग पेपरवर उतरवलं. मधला फाटा गावाच्या जुन्या नकाशात ठळक होता. टीपीच्या नकाशात त्याचा अर्धा भाग उरला होता. उपग्रहाच्या चित्रात दरवर्षी त्याची हिरवी रेघ आखूड होत गेलेली दिसत होती.

एका खिडकीवर नकाशाची प्रत मागताना समोरचा माणूस मनापासून चकित होऊन म्हणाला, "बेन, आ तो कोतर छे, एमां शुं जोवानुं?" (ताई, हे तर कोतर आहे, यात पाहायचं काय?) त्याच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. सातबारावर अशी जमीन पोटखराबा म्हणून लागलेली असते, लागवड नाही, आकारणी नाही. शेतसाऱ्याच्या दृष्टीने बिनकामाची जागा कागदावर बिनकामाचीच राहिली, आणि पूर अडवण्याचं तिचं काम कोणत्याच रकान्यात आलं नाही. आमच्या सगळ्या खटाटोपाचा गाभा मला त्या खिडकीपाशी समजला. कोतर जमिनीवर आहेच. ते कागदावर आणल्याशिवाय वाचणार नाही.

त्यानंतर माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याखाली गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत. अर्ज लिहिण्याची एक रीत आहे, ती काकांच्या एका मित्राने शिकवली. 'मलबा का टाकू दिला' असं विचारलं तर उत्तर येतं की असा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. कागद मागायचा. अमुक सर्व्हे नंबरांत भराव टाकायला कोणाला परवानगी दिली असल्यास तिची प्रत, त्या जागेबद्दल आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत, पावसाळ्यापूर्वी नैसर्गिक प्रवाह साफ करण्याच्या कामांची यादी. आणि शेवटी कलम २(ञ) खाली फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी. ही शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी. प्रत मागितली तर एक कागद येतो, फाइल पाहायला मिळाली तर तिच्यात काय काय आहे ते कळतं.

आमचा अर्ज एका खात्यातून दुसऱ्यात गेला, तिथून अर्धवट उत्तर आलं. पहिलं अपील केलं. अपिलाच्या सुनावणीला आम्ही तिघीच बायका गेलो होतो, हातात ट्रेसिंगची गुंडाळी. अधिकाऱ्यांनी नकाशा टेबलावर पसरायला लावला आणि उभं राहून पाहिला. फाइल पाहायला मिळाली. भराव टाकायची परवानगी कोणालाच दिलेली नव्हती. म्हणजे रात्रीचे ट्रॅक्टर हे उघड बेकायदेशीर काम होतं, आणि तसं लिहिलेला सरकारी कागद आता आमच्याकडे होता.

कायद्याचा आधार शोधताना आपल्या शहराबद्दल बरंच कळलं. बडोद्यातल्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी विश्वामित्रीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती आणि मे २०२१ मध्ये लवादाच्या निकालात नदीची हद्द आखणं, अतिक्रमणं काढणं, काठावर लागवड करणं याबद्दल आदेश आले. इथल्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल देशभर लागू होणारा निकाल दिला. ही मोठी कामं आहेत, त्यामागे अनेक वर्षांची चिकाटी आहे. आमचं एक कोतर त्यापुढे लहान. पण त्या लोकांनी वाट पाडून ठेवली नसती तर आमच्या अर्जात लिहायला आधारच नसता. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे २०१६ चे नियमही होते. हा कचरा नाल्यात किंवा रहदारीला अडथळा होईल असा टाकायचा नाही, आणि तो गोळा करण्याची जागा स्थानिक स्वराज्य संस्थेने ठरवून द्यायची, असं त्यांत स्पष्ट होतं.

निवेदन आम्ही एकाच पानाचं केलं, गुजरातीत, मागे काकांचा नकाशा आणि एकाच जागेची वेगवेगळ्या महिन्यांतली छायाचित्रं. माझा अनुभव असा की पानं वाढली की वाचणारा कमी होतो. प्रत्येक प्रतीवर आवक-क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हा नियम सोसायटीतल्या वहिनींनी घालून दिला आणि तो त्या स्वतः लष्करी शिस्तीने पाळतात.

दरम्यान एक गोष्ट बाहेर आली, तिने गटाला हलवलं. आमच्यातला एक रिक्षावाला ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकाला ओळखत होता. त्याने सहज विचारलं, माल कुठून येतो? उत्तर असं की मोठ्या इमारतींचा थोडा, जास्त करून आसपासच्या सोसायट्यांचा. पुरानंतर लोकांनी फरशा बदलल्या, भिंतींचे गिलावे काढले, स्वयंपाकघरं नवी केली. ठेकेदार मलबा उचलायचे पैसे घेतो आणि सगळ्यात जवळच्या खड्ड्यात ओततो. पुरात नासलेली घरं दुरुस्त करताना निघालेला मलबा पुढच्या पुराच्या पाण्याची कोतरात जायची वाट अडवत होता. हे ऐकल्यावर बैठकीत कोणी काही बोललं नाही. मग आसपासच्या सोसायट्यांमध्ये एकेक करून जाऊन आम्ही ठराव करून घेतले: दुरुस्तीचं काम काढणाऱ्याने मलबा ठरलेल्या संकलनाच्या जागी पोचल्याची पावती दाखवायची, तोवर ठेकेदाराचे शेवटचे पैसे द्यायचे नाहीत. सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. एका अध्यक्षांनी आम्हाला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि ठराव काही केला नाही. पण ज्यांनी केला तिथून येणारे ट्रॅक्टर खरोखर थांबले, बांबूंवर ते दिसलं. माझ्या मते आमच्या सगळ्या अर्जांपेक्षा या ठरावांनी कोतर जास्त वाचवलं.

संयुक्त पाहणी मार्चमध्ये झाली. अधिकारी आले, काका नकाशा घेऊन पुढे, आम्ही मागे. मधल्या फाट्यापाशी मांनी सगळ्यांना थांबवलं आणि पाणी कुठून कुठे जातं ते काठीने दाखवलं. सोबतच्या तरुण इंजिनीअरने वाकून त्यांचं बोलणं स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. ज्या आजींना कोणत्याही कार्यालयात कोणी खुर्ची दिली नसती, त्यांच्या शब्दांवरून पाहणीचा अहवाल लिहिला जातोय हे पाहताना मला भरून आलं. त्या पाहणीनंतर ट्रॅक्टर आत यायच्या वाटेवर लोखंडी खांब रोवले गेले आणि वरच्या थरातला मलबा उचलला गेला.

त्याच उन्हाळ्यात विश्वामित्री खोल आणि रुंद करण्याचं सरकारी काम धडाक्यात सुरू झालं. पावसाच्या आत संपवायचं म्हणून रात्रंदिवस यंत्रं चालू होती. यावरून आमच्या गटात मतभेद झाले, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना यंत्रं पाहून धीर आला. माझं म्हणणं वेगळं होतं आणि अजूनही आहे. नदी नुसती रुंद केली आणि काठ तासून सरळ केले तर पाणी वेगाने पुढच्या गावांवर जातं, आणि मगरींची बिळं, झाडांची मुळं, कोतरांची तोंडं जातात ती जातात. गाळ आणि मलबा जरूर काढावा, पण ज्या जागी पाणी थांबतं त्या जागा राखूनच. बरीच चर्चा झाल्यावर सगळ्यांनी मिळून एवढी एक मागणी लिहून दिली: आमच्या कोतराच्या तोंडाशी काठ उंच करून ते बंद करू नये. ती मागणी मान्य झाली. पुढच्या पावसात मधल्या फाट्यात पाणी शिरलेलं मांनी आम्हाला फोन करून कळवलं.

आता थोडं आजच्या स्थितीबद्दल. फाट्याच्या तोंडाशी खालच्या थरातला मलबा अजून आहे, तो दबून घट्ट झालाय आणि त्याला यंत्र लावावं लागेल. कोतराच्या हद्दीचे दगड बसवण्याबद्दल आम्ही मागितलेले कागद पूर्ण मिळालेले नाहीत, म्हणून राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील केलंय. पुण्याला जावं का, यावर गटात बोलणं चालू असतं. हरित लवादाचं पुण्याचं खंडपीठ गुजरातसाठीही आहे आणि अर्जाची फी हजार रुपये, पण कलम १४ खाली कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, फार तर वर ६० दिवसांची सवलत. त्यामुळे नवा मलबा पडलाच तर त्याची तारीख पक्की हातात असावी म्हणून महिन्याची छायाचित्रं एकदाही चुकू द्यायची नाहीत, असं ठरलंय. वही आता माझ्या एकटीकडे नसते, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलींनी ती संगणकावर उतरवली आहे आणि नोंदी त्याच करतात.

नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या काही जणांनी आमच्या नोंदींचा कोरा नमुना मागून नेला, भुखी काँस या नाल्याच्या काठावरच्या एका सोसायटीतूनही विचारणा आली. काका त्यांना नकाशे शिकवायला जाणार आहेत. दुसऱ्या अपिलाची तारीख लागलेली नाही. तोवर फाट्याच्या तोंडाचा उरलेला मलबा काढण्याचं काम आम्ही वॉर्ड कार्यालयात लावून धरलंय, कारण ते पावसाआधी व्हायला हवं.